बसूच्या कॅबिनेटची धूळ

१४ नोव्हेंबर, नांदेड

सकाळी बसूचा लातूरहून फोन. धाकटा भाऊ, साठीला टेकला, तरी माझ्याशी बोलताना शाळेतून चिखलाचे पाय घेऊन आल्यासारखा आवाज. तीन वाक्यं बोलला, मध्ये दोनदा खोकला.

"सर्दी हाय गं अक्का."

ही सर्दी दसऱ्यापासूनची. डॉक्टर? "सीझन हाय. दाळमिलवाल्यांचे पार्ट येऊन पडलेत शेडमधी. तूर यायच्या आत साफ करून द्यायचेत."

फोन मंगलला दे म्हटलं. मंगल त्याची बायको. तिला कुजबुजता येत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. "अक्का, जिना चढताना मधीच थांबतेत हे. विचारलं तर म्हणतेत, चप्पल निसटली."

रोज? त्याच पायरीवर?

उद्या लातूर. कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला सांगितलं. तिने विचारलं, कार्य आहे का? म्हटलं, आहे. भावाचे कान उपटायचे.

१५ नोव्हें., लातूर

बस वेळेवर. म्हणजे अर्ध्या तासाच्या आत.

घरी न जाता थेट एमआयडीसीतल्या शेडवर. बरं केलं. आधी कळवलं असतं तर झाडून-पुसून ठेवलं असतं आणि भावाला आंघोळ घालून बसवलं असतं.

शेडच्या मधोमध ते ब्लास्टिंग कॅबिनेट. लोखंडी पेटी, समोर काच, काचेखाली दोन भोकं आणि त्यांना आतून जोडलेले कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाहेर उभं राहून हात आत घालायचे, पायाने पेडल दाबायचं, की नळीतून वाळूचा फवारा सुटतो आणि गंजका पार्ट लख्ख होतो. पेटीच्या मागून एक जाड पाइप धूळ ओढणाऱ्या डब्याकडे जातो. डब्यात कापडी पिशव्या, वर पंखा. पंख्याने ओढायचं, पिशवीने धूळ अडवायची, स्वच्छ हवा बाहेर सोडायची. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा थोरला भाऊ.

प्रत्यक्षात: पेडल दाबलं की काच पांढरी. बसू काचेला नाक लावून, आंधळ्यासारखा, हाताने चाचपत काम करतो. पेटीच्या फटीफटीतून धूळ बाहेर. त्याच्या पापण्यांवर धूळ. देवाच्या फोटोवर धूळ. माझ्यासाठी आणलेल्या चहावर साय आली म्हणून बघितलं, तर साय नव्हती.

"जरा जास्त व्हालीय हल्ली," म्हणाला.

आणि आत काय मारतो? मांजरा नदीची वाळू. उन्हात वाळवून, चाळून. मी चाळीस वर्षं होम सायन्स शिकवलं, इंजिनिअर नाही. पण वाळूची बारीक धूळ छातीत गेली की तिथेच घर करते, एवढं मलाही माहीत आहे. ओरडले. रज्जाक, त्याचा जुना फिटर, पाना हातात घेऊन पुतळा झाला.

बसू ऐकत होता. मग हसून म्हणाला, "अक्का, काचेतून ज्या दिवशी मला माझे हात दिसतील ना, त्या दिवशी तू म्हणशील त्या डॉक्टरकडं येतो. बस?"

"शपथ?"

"लिंगाची शपथ." छातीवरच्या करडीवर, इष्टलिंग ठेवायच्या चांदीच्या डबीवर, हात ठेवून.

रज्जाकने खाली बघितलं. त्याला बहुतेक वाटलं, मालक सुटला.

१६ नोव्हें.

हवा कुठून आत जाते, हा पहिला प्रश्न. पंखा ओढणार म्हटल्यावर पेटीला कुठेतरी नाक हवंच.

रज्जाकला विचारलं. तो बसूकडे बघायला लागला. बसू छताकडे.

पेटीच्या बाजूला झाकणाखाली जाळी आहे. तिच्यात गोणपाट ठासलेलं. वरून चिंधी. चिंधीवर सुतळी. कुणीतरी फार मन लावून केलेलं काम.

"तिथून धूळ बाहेर यायची, म्हणून बुजवलं," बसू.

नाकातून शेंबूड येतो म्हणून नाक शिवलं का कुणी?

काढलं सगळं. फोटोपुढची उदबत्ती उचलली, पंखा लावायला सांगितला आणि जाळीसमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा. धूर सरळ वर गेला, जणू समोर पेटी नाहीच. पेडल दाबल्याबरोबर जाळीतून धुळीचा लोट, थेट माझ्या चष्म्यावर.

"बघितलीस?" बसू. आनंदाने. हे मला खटकलं. हा आनंद कशाचा?

१८ नोव्हें.

मशीन विकणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन. "मॅडम, घरात कुणी जेन्ट्स आहेत का? त्यांना द्या." त्यानंतर त्याला जे इंग्रजी ऐकायला मिळालं ते आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर ॲग्नेसनं शिकवलेलं आहे, त्यात एकही वाईट शब्द नसतो आणि ऐकणारा दिवसभर जेवत नाही. शेवटी चाचरत म्हणाला, पिशव्या तपासा, त्या चोंदल्या असतील.

रज्जाक म्हणाला, चोंदतील कशा? रोज झटकतो की. डब्याला बाहेरून दांडा आहे, तो हलवला की आतल्या पिशव्या हलतात आणि धूळ खालच्या खणात पडते. हलवून दाखवला. पंखा चालू ठेवून!

"अरे, पंखा ओढत असताना पिशवी कशी झटकेल? गच्चीवर वाऱ्यात सतरंजी झटकल्यासारखं."

"तसं न्हाई बाई, पंखा चालू असला की धूळ उडून जाती ना."

जाते. परत पिशवीवरच जाते.

पंखा बंद करून डबा उघडवला. पिशव्या बाहेर काढल्या आणि हातात धरल्याबरोबर कळलं. कापड नव्हतंच ते. वाळवलेला पापड. उभी राहील अशी कडक. उजेडाकडे धरली, एक छिद्र दिसेना. कडा आक्रसलेल्या. कापड काय भोगून आलंय ते मला बोटांना कळतं. पोरींना इतकी वर्षं तेच तर शिकवलं.

ही पिशवी कुणीतरी धुतली आहे. लातूरच्या जड पाण्यात, भरपूर पावडर टाकून, पिळून.

संध्याकाळी घरी मंगलला विचारलं. तिचा चेहरा फुलला. "हाव अक्का, मीच की! खंडेनवमीला मशीनची पूजा असती, मग घाण कसं ठेवायचं? ह्यांनी आणून दिल्या. दोन दिवस भिजवल्या, ब्रशनं घासल्या. किती काळं पाणी निघालं म्हणून सांगू! शेडमधी पण पाइप लावून सगळं धुऊन काढलं, पंख्याच्या मोटारीसकट. चंदेरी रंग दिला. यायला पायजे होतं तुम्ही. लई झकास दिसत होतं."

 खंडेनवमीला मराठवाड्यातला प्रत्येक कारखानदार पाना-पकडीपासून सगळं धुतो, पुसतो, भस्म लावतो. ओल्या कापडात राहिलेली धूळ आणि गंज वाळून सिमेंट झालं, हे त्या बिचारीला कसं कळावं? त्यांनी माझ्या हातात दिल्या असत्या तर मीही धुतल्या असत्या. अधिक घासून.

म्हटलं, छान धुतल्यास. आता नव्या आणू.

२१ नोव्हें.

उदगीरला जाऊन आले. तिथे दाळमिलच्या भुसाच्या पिशव्या शिवणारा एक शिंपी आहे, अडत बाजारामागे. पुण्याहून मागवायच्या तर सीझन संपेल.

त्याने आधी मांजरपाट काढला. म्हटलं, हे तुमच्या गुळाला ठेवा. मग जाड सुती. मग घोंगडीसारखं दाबून केलेलं एक कापड, वीणच नसलेलं. तेच हवं होतं. एका पिशवीची शिवण उसवून दुहेरी करायला लावली.

शिंपी मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "अम्मा, आमच्याकडं दाळीचा भुसा जातो. ह्याच्यात काय सोनं जाणारे?"

"माझा भाऊ जाणारे," म्हटलं.

त्याने शिवण तिहेरी घातली. वर चहा.

परतताना खिडकीतून तुरीची शेतं, पिवळ्या फुलांची. बसू लहान असताना रानात गेला की मी त्याचं नाक पदराने पुसायची. पदर नव्हता तेव्हा माझ्याकडे, फ्रॉक होता. फ्रॉकनेच पुसायची. कॉन्व्हेंटात त्यावरून छडी खाल्ली आहे.

२३ नोव्हें.

नव्या पिशव्या बसवल्या. पंखा लावला, बसूने पेडल दाबलं, आणि डब्याच्या वरच्या तोंडातून, जिथून स्वच्छ हवा यायची, तिथून धुळीचा फवारा! रज्जाक खोकत बाहेर पळाला. बसू हसून हसून खाली बसला, मग हसता हसता खोकला लागला, मग नुसताच खोकला. बराच वेळ. मंगलने जेवणाचा डबा आणला होता. ती तशीच उभी.

मी म्हटलं, थांबा. चक्का बांधतो तेव्हा नव्या फडक्यातून पहिलं पाणी गढूळच येतं. आत थर धरला की मग निवळतं. बसूला बाहेर बसवून रज्जाकला मास्क लावायला सांगितला, एक गंजकी पुली घासत राहा म्हटलं. जेवून आलो तोवर वरच्या तोंडाशी धरलेला पांढरा रुमाल पांढराच राहिला.

म्हणजे पिशवीला थोडी धूळ अंगावर लागतेच. धुळीचा पातळ थर बसल्यावरच ती पुढची धूळ अडवते. अगदी कोरी पिशवी निरुपयोगी आणि पार चोंदलेलीही निरुपयोगी. सिस्टर ॲग्नेस रोज आमची नखं तपासायची. तिला हे सांगितलं असतं तर तिने मला वर्गाबाहेर काढलं असतं. मी स्वतः जन्मभर...

असो. उदबत्तीचा धूर आता जाळीकडे किंचित वळतो. किंचितच. काच थोड्या वेळाने पांढरी.

"न्हाई दिसत हात," बसू म्हणाला. पुन्हा तोच आवाज. सुटल्याचा.

आता कळलं. त्याला मशीन नीट व्हायला नकोय. मशीन बिघडलेलं आहे तोवर खोकला मशीनचा आहे. मशीन नीट झालं की खोकला त्याचा.

२४ नोव्हें.

भांडण. लिहीत नाही सगळं.

"तू नांदेडला जा अक्का. तुझं पेन्शन खा, पेपर वाच. हितं येऊन नुस्तं कटकट करालीस."

"तू मेलास तर मंगलनं काय करायचं? मशीनची पूजा?"

बोलायला नको होतं. मंगल आत गेली, कुकर नसताना शिट्ट्या मोजायला.

नांदेडला निघायला कपड्यांची पिशवी भरली. पुन्हा रिकामी केली.

२६ नोव्हें.

गेले नाही. सकाळी शेडवर बसून होते, खुर्चीत, काही न करता. बसूने बघितलंच नाही माझ्याकडे.

रज्जाकला सहज विचारलं, पंख्याची मोटार धुतली म्हणे, काही झालं नाही तिला?

"झालं की बाई. पाणी गेलं आत, जळाली. मालकानं वायंडिंग करून आणली न मीच परत जोडली. तवापासून फस्टक्लास चालालीय."

तेव्हापासून. म्हणजे खंडेनवमीनंतर.

स्टुलावर चढले. रज्जाक "बाई, बाई" करत खाली हात पसरून. पंख्याच्या गोल घरावर चंदेरी रंग, रंगावर भस्माचे तीन पट्टे, मधोमध कुंकू. कुठल्या बाजूला फिरायचं त्याची खूण लोखंडावर कुठेतरी असणारच. माझ्या मिक्सरवरसुद्धा असते. भस्म पुसायला मन होईना. आईने लावलेलं कधी पुसलं नाही. मनात म्हटलं, शिवा, माफ कर, आणि ओल्या बोटाने पुसलं. रंगाखाली काहीतरी उंचवटा लागला. बोट फिरवत गेले: सरळ रेघ, पुढे टोक. बाण.

"पंखा बंद कर."

पंखा मंदावला तशी मोटारीच्या मागच्या जाळीतून पाती दिसायला लागली. बाण एकीकडे, पाती दुसरीकडे.

"रज्जाक, हा उलटा फिरतोय."

"उलटा कसा? हवा तर वरूनच फेकालाय."

खरं आहे, फेकत होता. तेच तर. उलटा फिरूनही थोडी हवा वरूनच फेकतो, म्हणून कुणाला शंका नाही. विहिरीवरच्या मोटारीने पाणी काढलं नाही की माणूस वायर बदलून बघतो. हा पंखा आवाज करत होता, वारा देत होता. सगळं चाललंय असं दाखवत होता. आमच्या बसूसारखा.

रज्जाकने मेन बंद केला, दोन वायरी अदलाबदल केल्या. चालू.

आवाजच वेगळा. आधी घरघर होती, आता सुस्कारा, लांब. पेटीची पत्र्याची बाजू आत खेचली जाऊन टण् वाजली. उदबत्तीचा धूर आडवा झाला आणि सुतासारखा जाळीत शिरला. रज्जाक टाळ्या वाजवायला लागला. म्हणाला, "या अल्ला, दीड महिना गाढवासारखा उलटा फिरवला की मी!"

"तू एकट्यानं नाही," बसू म्हणाला.

तो आला. कॅबिनेटमध्ये हात घातले. पेडल दाबलं. आत धूळ उठली आणि मागच्या मागे गेली. काच स्वच्छ. गंजातून चकाकी बाहेर येताना दिसत होती.

बराच वेळ तो हातच बघत राहिला. पार्ट कधीच साफ झाला होता.

 

२७ नोव्हें.

उरलेली वाळू शेडबाहेर ओतायला लावली. समोर बांधकाम चाललंय, ते नेतील. तिच्या जागी तपकिरी कृत्रिम दाणा मागवलाय. बसू कुरकुरला, पण ओतताना लांब उभा राहिला, तोंडावर रुमाल धरून. हे पहिल्यांदाच.

डॉक्टर? "परवा जाऊ."

परवा कुठला, विचारलं नाही. करडीवर हात ठेवून बोललेला माणूस आहे. वाट बघते.

नुसती वाट बघत बसलं की विचार येतात. खंडेनवमीला फार दिवस झाले नाहीत. पिशव्या, गोणपाट, उलटा पंखा, हे सगळं त्यानंतरचं. वाळू त्याच्या कितीतरी आधीची. मी नुकतं काय दुरुस्त केलं आणि काय माझ्या हातातच नव्हतं, हे दोन्ही...

मंगलला आज दांडा शिकवला: आधी पंखा बंद, थोडं थांबायचं, मग झटकायचं, मग खण रिकामा करायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू नाही. तिने विचारलं, "पुढच्या खंडेनवमीला पिशव्यांना काय करायचं मग?"

"कुंकू लाव. पाणी नाही."

"आन् मोटारीला?"

"तिला लांबून नमस्कार."

खूप दिवसांनी हसलो दोघी.

३० नोव्हें.

सकाळी चहाच्या आधीच बसू आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलेला. लिंगपूजा झालेली, कपाळावर भस्म ओलं. "चल. न्हाईतर माझं मन बदललं तर तूच बोंबलशील."

दवाखान्यात नळीत फुंकायला लावलं. पूर्ण जोर लावून फुंकला, शाळेत फुगा फुगवायचा तसा, गाल लाल. डॉक्टरणीने आकडा बघितला, आणखी एकदा फुंका म्हणाली. मग आणखी एकदा.

फोटो काढला. तिने तो उजेडाच्या डब्यावर लावला. मी पण उठून बघितला. मला त्यातलं कळत नाही. फक्त एवढं: वरच्या बाजूला दोन्हीकडे धुकं. पेडल दाबल्यावर काच व्हायची तसं.

डॉक्टरीणबाई तरुण, पण शहाणी. काम किती वर्षं, वाळू कुठली, मास्क होता का, सगळं विचारलं. वाळूची धूळ असू शकते, टीबी असू शकतो, दोन्हीही असू शकतं. थुंकी तपासायची, स्कॅन करायचा, मग सांगते. धूळ असेल तर बसलेली निघणार नाही, नवी जाऊ द्यायची नाही.

बसूने विचारलं, "मॅडम, हितं दोन वायरी बदलता येत न्हाईत का?" छातीवर बोट ठेवून.

ती हसली. तिला वाटलं तो नुसताच गमत्या आहे. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

रिक्षात म्हणाला, "तुला आधी सांगायला पायजे होतं."

"हो, पायजे होतं."



२ डिसें.

रिपोर्ट अजून नाहीत. एक-दोन दिवसांत म्हणतात. नांदेडच्या शेजारणीला फोन केला, कुंड्या तुझ्याच समज.

बसूला पार्ट घासायची बंदी केली आहे. काम रज्जाक करतो, मास्क लावून. काचेतून सगळं दिसतं म्हणून त्याचा वेग दुप्पट आणि बडबड तिप्पट. बसू फक्त सकाळी शटर उघडायला येतो. मीही सोबत.

आज त्याने फोटोला उदबत्ती ओवाळली. मग मी न सांगता ती तशीच घेऊन कॅबिनेटशी आला, रज्जाकला पंखा लावायला सांगितला आणि जाळीसमोर धरली. धूर आडवा होऊन आत गेला. तो बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते.

मग त्याला खोकला आला. तोंड बाजूला केलं, पण हात हलला. धूर विस्कटला, चहूकडे झाला. खोकला थांबेपर्यंत थांबला. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि उदबत्ती पुन्हा जाळीसमोर आणली.

धूर सरळ आत गेला.

"जायालाय," म्हणाला.

"हो," म्हटलं. "धर अजून थोडा वेळ."